शेवटचे वीस टक्के

२०२१च्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या डेपोत एकाच आठवड्यात अठरा छोट्या इलेक्ट्रिक गाड्या उतरल्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या एकाच बनावटीच्या, सगळ्यांच्या पोटात २६ युनिटांची बॅटरी. हिंजवडीतल्या कंपन्यांची माणसं घरून आणायची आणि शिफ्ट संपली की घरी सोडायची, हे आमचं काम. मी त्या डेपोचा सुपरवायझर. त्याआधीची बावीस वर्षं भोसरीत ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून गेली होती. सेल्फ, डायनामो, वायरिंग आणि बॅटरी यांच्याखेरीज दुसरं काही केलं नव्हतं.

अठरा गाड्या एकसारख्या, रस्ते जवळपास तेच, सर्व्हिसिंग एकाच ठिकाणी. फरक काय तो चालवणाऱ्याच्या पायाचा. मेकॅनिकला अशी संधी आयुष्यात सहसा मिळत नाही. त्याच्याकडे येणारी प्रत्येक गाडी वेगळी असते आणि तिची आधीची कहाणी अर्धवटच कळते. इथे पहिल्या किलोमीटरपासून सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडणार होतं. मी दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक गाडीला दहा-दहा पानं दिली. ती वही अजून माझ्याकडे आहे.

पहिल्या महिन्यात वहीत एकाच गोष्टीच्या नोंदी आहेत, पिकअपच्या. आमची पोरं डिझेलवरून आलेली. डिझेल गाडीला जोर यायला इंजिनाचे फेरे चढावे लागतात. क्लच दाबा, गिअर टाका, रेस द्या, मग ती उचलते. मोटरचं तसं नसतं. चाक फिरायच्या आधीच तिचा पूर्ण जोर तयार असतो. साधारण चाळीसच्या वेगापर्यंत ती तो जोर तसाच देत राहते, पुढे वेगाबरोबर तो उतरत जातो. म्हणून सिग्नल सुटल्यावर पहिल्या तीन-चार सेकंदांत ही छोटी गाडी भल्याभल्या मोठ्या गाड्यांना मागे टाकते आणि नव्वदच्या पुढे तीच गाडी साधी वाटते. बावीस वर्षांच्या पोराला ही चव लागली की भूमकर चौकातला प्रत्येक सिग्नल शर्यतीचा होतो. आवाज नाही, धूर नाही, गिअर नाही. नुसता पाय दाबायचा.

त्याची किंमत आधी टायरांनी मोजली. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी. जोरात उचललं की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि नेमका त्याच क्षणी सगळा जोर त्यांच्यावर पडतो. एका गाडीचे पुढचे टायर बावीस हजार किलोमीटरला गुळगुळीत झाले, दुसरीचे पंचेचाळीस हजार चालले. हा फरक मोटरचा नाही, पायाचा. जूनच्या पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल आणि धूळ तरंगत असताना, हे सगळं आणखी स्पष्ट झालं. एका गाडीचं चाक जागेवर फिरलं, मग पकड मिळून गाडी एकदम पुढे झेपावली आणि समोरच्या रिक्षाला टेकली. सुदैवाने नुकसान बंपरपुरतंच झालं. पुढे वळताना चाकाजवळून टकटक असा आवाज येणाऱ्या दोन गाड्या निघाल्या. अ‍ॅक्सलचे सांधे सैल झाले होते. दोन्ही गाड्या शर्यतवाल्यांच्या होत्या.

प्रवाशांचं मात्र मला उशिरा कळलं. मागच्या सीटवर लॅपटॉप उघडून बसलेल्या माणसाला हे झटके पोटात जाणवतात. त्यात या गाड्यांमध्ये पाय उचलला की मोटर उलटी काम करते, वीज परत बॅटरीत घालते आणि गाडी आपोआप रोखली जाते. म्हणजे दाबलं की पाठ सीटला चिकटते, सोडलं की मान पुढे. एका मुलीने कंपनीला लिहून कळवलं की संध्याकाळी घरी पोचल्यावर तासभर तिला जेवण जात नाही. ते पत्र माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी त्या ड्रायव्हरला बोलावलं आणि स्वतः मागच्या सीटवर बसून वाकडपर्यंत गेलो. पुढच्या सीटवरून जी गाडी मला झक्कास वाटत होती, तिच्यात मागे बसून मला मळमळायला लागलं. सुपरवायझरने महिन्यातून एकदा मागे बसावं, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

टायर आणि प्रवासी, एवढ्यापुरतं माझं म्हणणं बरोबर होतं. चूक केली ती बॅटरीच्या बाबतीत.

माझं सगळं शिक्षण शिशाच्या बॅटरीवर झालेलं. तिच्यातून जेवढ्या जोरात करंट ओढाल, तेवढी ती एकूण कमी देते. पुन्हा पुन्हा खोलवर उपसली तर लवकर मरते. आपल्याकडची पहिली गाजलेली इलेक्ट्रिक कार म्हणजे बंगळुरूची रेवा. ती २००१ साली रस्त्यावर आली, तेव्हा तिच्यातही शिशाच्याच बॅटऱ्या होत्या. ई-रिक्षातही वर्षानुवर्षं त्याच होत्या. त्यामुळे ‘जोरात पळवली की बॅटरी जाते’ हे आमच्या धंद्यात कुणाला शिकवावं लागत नाही, ते सगळ्यांना ठाऊकच असतं. मी ते डेपोच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं होतं.

दीड वर्ष झाल्यावर अकरा नंबरची गाडी मागे पडू लागली. बाकीच्या गाड्या एका चार्जमध्ये जेवढं चालत, त्यापेक्षा ही वीसेक किलोमीटर कमी चाले. स्कॅनर लावून पाहिलं तर बॅटरीची तब्येत बाकीच्यांपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी खाली. तिचा ड्रायव्हर डेपोतला सगळ्यात तापट पायाचा. मला जास्त विचार करावासा वाटला नाही. सगळ्यांसमोर त्याला बोललो, दोन महिन्यांचा इन्सेंटिव्ह कापला आणि गाडी काढून घेतली. तो म्हणाला, “साहेब, टायरचं मान्य आहे, पण बॅटरीचं मी काय केलं ते दाखवा.” मी म्हणालो, दाखवायची गरज नाही, माझी बावीस वर्षं यातच गेली आहेत.

अकरा नंबर मी एका काकांना दिली. साठीला आलेला शांत माणूस, आधी एसटीत होते. पाय असा की ग्लासातलं पाणी हलू नये. त्या पोराला काकांची सात नंबर दिली. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅनर लावला. काकांच्या हातात अकरा नंबरची तब्येत पहिल्याच गतीने उतरत होती. आणि त्या पोराच्या पायाखाली सात नंबर होती तशी ठणठणीत होती. टायर तेवढे झिजले होते.

त्या रात्री मी वही घेऊन डेपोतच बसलो. अकरा नंबरच्या नोंदी सुरुवातीपासून वाचल्या. कोण चालवतं, किती चालते, हे सगळं मी लिहिलं होतं. ती उभी कुठे असते हे लिहिलं नव्हतं. अकरा नंबर रात्रपाळीची गाडी. सकाळी आठला परत यायची आणि आल्याबरोबर चार्जिंगला लागायची. दुपारी बाराच्या आत ती शंभर टक्के भरायची आणि मग संध्याकाळी सातपर्यंत तशीच उभी राहायची. जागा पश्चिमेकडच्या पत्र्याच्या शेडखाली, भिंतीला लागून, शेजारी जनरेटर. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तिथे उभं राहवत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी, रोज सात तास, त्या उष्म्यात.

लिथियमच्या बॅटरीला हे सोसत नाही. ती काठोकाठ भरलेली असली की आतली रसायनं सगळ्यात अस्वस्थ असतात. वरून उष्णता मिळाली की आतले नको ते व्यवहार वेगाने घडतात आणि लिथियम हळूहळू कायमचं अडकून बसतं. गाडी एक किलोमीटरही न चालता म्हातारी होते. ड्रायव्हर बदलून काही होणार नव्हतं, कारण गाडीचं नुकसान ड्रायव्हर घरी झोपलेला असताना होत होतं. आणि तिथे उभं करायची जागा मीच ठरवून दिली होती.

दुसऱ्या दिवशी त्या पोराला केबिनमध्ये बोलावून कापलेले पैसे दिले आणि चुकलो म्हणालो. पण बोललो होतो सगळ्यांसमोर, म्हणून संध्याकाळी हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर पुन्हा तेच सांगितलं. त्याने पैसे मोजून घेतले. म्हणाला, “आता ती गाडी झाडाखाली लावायला सांगा.” नंतर तो वर्षभर होता, मग सोडून गेला. आता स्वतःची इलेक्ट्रिक गाडी चालवतो. भेटला की बोलतो. पण पहिल्यासारखा मोकळा बोलत नाही, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही.

अकरा नंबर चिंचेखाली गेली. रात्रपाळीच्या गाड्यांचं चार्जिंग दुपारी तीनला सुरू करायचं, म्हणजे निघायच्या वेळेला त्या नुकत्या भरलेल्या असतील, असं ठरवलं. रोजचं भरणं नव्वदवर थांबवायचं आणि आठवड्यातून एकदाच शंभर करायचं. हे एकदाचं शंभर सोडून चालत नाही. आमच्या गाड्यांच्या बॅटऱ्या लोह-फॉस्फेट जातीच्या. त्यांचा व्होल्टेज भरल्यापासून रिकामा होत येईपर्यंत जवळपास सपाट राहतो, त्यामुळे किती उरलं याचा गाडीचा स्वतःचा अंदाज हळूहळू चुकत जातो. पूर्ण भरल्यावर तो पुन्हा जागेवर येतो आणि आतले सेलही एकमेकांच्या बरोबरीला आणले जातात.

२०२४च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांचा एक अभ्यास ‘नेचर एनर्जी’मध्ये आला. त्यांनी ९२ बॅटऱ्या दोन वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या तऱ्हांनी उपसून पाहिल्या. प्रयोगशाळेत नेहमी करतात तशा एकसारख्या गतीने उपसलेल्या बॅटऱ्यांपेक्षा, खऱ्या रस्त्यासारख्या, म्हणजे मध्येच जोराचा झटका, मध्येच विश्रांती अशा उपसलेल्या बॅटऱ्या ३८ टक्क्यांपर्यंत जास्त टिकल्या. भाच्याने मला ते मराठीत समजावून सांगितलं. त्या बॅटऱ्या आमच्यापेक्षा वेगळ्या जातीच्या होत्या, म्हणून तो आकडा मी आमच्या गाड्यांना चिकटवत नाही. पण सिग्नलला मारलेला तीन सेकंदांचा पाय बॅटरीला मारतो, ही माझी समजूत त्या दिवशी पूर्ण संपली. फळ्यावरचं वाक्य मी स्वतःच्या हाताने पुसलं.

म्हणजे जोरात दाबण्याला काहीच किंमत नाही, असं नाही. गाडी माणसांसकट चौदाशे किलो धरली, तर ती शून्यापासून साठपर्यंत नेताना चाकांवर साधारण एक विसांश युनिट वीज लागते, मग तुम्ही सहा सेकंदांत न्या की अठरा. फरक पडतो तो आतल्या उष्णतेत. करंट तिप्पट केला की दर सेकंदाला उष्णता नऊपट निघते. वेळ एक तृतीयांश लागला तरी हिशेब तिपटीवर जातो. एका झटक्याचं हे काहीच नाही. पण घाटात पाऊण तास हेच चाललं तर बॅटरी आणि मोटर दोन्ही तापतात आणि गाडी स्वतःला वाचवण्यासाठी जोर कमी करते. झटका आणि सततचा ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला तीन वर्षं लागली.

जोराबद्दलचा दुसरा धडा मिळाला बोपदेव घाटात, तिसऱ्या वर्षातल्या जानेवारीतल्या एका रात्री. मागे तीन प्रवासी, पुढे गार्ड. गाडी कोंढव्याकडून सासवडच्या दिशेने चढत होती. चार्ज १९ टक्के. थंडी चांगलीच होती. चालवणारा पोरगा सावध, कधी तक्रार नाही. पुढे खडीचा ट्रक रांगत चाललेला. समोरचा रस्ता मोकळा बघून त्याने ओव्हरटेकला गाडी बाहेर काढली आणि पाय पूर्ण दाबला. गाडीने सुरुवातीला जोर दिला, आणि ट्रकच्या मध्यावर आल्यावर तो काढून घेतला. मीटरवर कासवाचं चिन्ह पेटलं. वरून वळणावर दिवे दिसले. त्याने डोकं शांत ठेवलं, ब्रेक मारून ट्रकच्या मागे परत आला. काही झालं नाही. पण डेपोत आल्यावर चावी देताना त्याचा हात थरथरत होता. “साहेब, पाय शेवटपर्यंत खाली होता,” एवढंच तो दोनदा म्हणाला.

त्या गाडीची रेंज चांगली होती. स्कॅनरवरची तब्येत चांगली होती. मग काय झालं?

घरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. जुनी झाली की तळाला गाळ साठतो, पाणी थोडं कमी मावतं. ते लक्षात येतं. पण त्याच काळात नळही क्षारांनी आतून बारीक झालेला असतो. टाकी भरलेली असते तोवर वरच्या दाबामुळे धार ठीक पडते. टाकी तळाला आली की धार एकदम करंगळीएवढी होते. बॅटरीतही दोन गोष्टी बरोबरच होतात. साठवण घटते आणि आतला अडथळा वाढतो. मीटरवर फक्त साठवण दिसते. अडथळा वाढला की जोरात करंट मागितल्याबरोबर व्होल्टेज खाली बसतो. शंभरेक सेलांपैकी एक जरी कमजोर असला तरी तो मर्यादेखाली जातो आणि बॅटरीची देखरेख करणारी यंत्रणा सगळ्या गाडीचा जोर कापते. थंडीत अडथळा आणखी वाढतो. त्यात १९ दिसत होते ते खरे किती होते, हाही प्रश्न होता, कारण ती गाडी दोन आठवडे पूर्ण भरलेली नव्हती. नवी असताना हीच गाडी वीस टक्क्यांवर बिनतक्रार ओव्हरटेक करायची. त्या पोराला मी गाडीची ओळख करून दिली होती ती नव्या गाडीची. गाडी बदलत गेली आणि माझी माहिती तिथेच राहिली.

त्यानंतर मी मोजायला लागलो. ओळखीच्या एका बंद कारखान्याच्या आवारात लांब सरळ रस्ता आहे. मालकांची परवानगी घेऊन दर तीन महिन्यांनी, रविवारी सकाळी, प्रत्येक गाडी दोनदा पळवायची. एकदा ऐंशी टक्क्यांवर, एकदा वीसवर. शून्य ते साठ, सोबत एक माणूस आणि घड्याळ. ऐंशी टक्क्यांवर चार वर्षांच्या गाड्या नव्या गाडीच्या अगदी जवळ आल्या, सहा सेकंदांच्या आसपास. एखाद्या माणसाला डोळे मिटून बसवलं तर जुनी कुठली, नवी कुठली हे सांगता येणार नाही. वीस टक्क्यांवर मात्र अठरा गाड्यांच्या अठरा तऱ्हा. काही साडेसहात, काही आठात, दोन गाड्यांना दहा सेकंदही पुरले नाहीत. सगळ्यात मागे होती अकरा नंबर. तिची पत्र्याखालची ती दीड-दोन वर्षं चिंचेच्या सावलीने भरून निघाली नव्हती.

या आकड्यांवरून आम्ही कामाची वाटणी बदलली. घाटाच्या फेरीला निम्म्यापेक्षा जास्त चार्ज असेल तरच गाडी निघते. तीस टक्क्यांखाली दोन पदरी रस्त्यावर ओव्हरटेक करायचा नाही, समोर कितीही मोकळं दिसलं तरी. वीसवर मागे पडलेल्या गाड्या गावातल्या सपाट फेऱ्यांना. हे फळ्यावर आहे, आणि या वेळी प्रत्येक ओळीच्या मागे मोजमाप आहे.

उतारालाही गाडी अशीच वेगळी वागते, हे पाचगणीहून येताना समजलं. सुट्टीत एक गाडी घेऊन घरच्यांबरोबर गेलो होतो. हॉटेलात रात्रभर चार्जिंग करून सकाळी शंभर टक्क्यांवर निघालो आणि पसरणी घाट उतरायला लागलो. पाय उचलला तरी गाडी रोखेना. बॅटरी भरलेली, परत येणारी वीज ठेवायला जागाच नाही, त्यामुळे मोटर ब्रेक लावत नव्हती. वाईपर्यंतच्या त्या साधारण सहाशे मीटर उताराची वीज सव्वादोन युनिटांच्या घरात जाते. तिच्यातली बरीचशी ब्रेकच्या पॅडांत उष्णता म्हणून गेली. खाली पोचलो तेव्हा चाकांना जळका वास येत होता. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर पंच्याऐंशीवर थांबवा, उतरताना बाकीचं गाडी स्वतः थोडंफार भरून घेते.

एक गोष्ट जाता जाता. या साडेचार वर्षांत रस्त्यात पूर्ण बंद पडलेल्या आमच्या गाड्यांपैकी बहुतेक मोठ्या बॅटरीमुळे पडलेल्या नाहीत. कोपऱ्यात बसवलेली बारा व्होल्टची छोटी शिशाची बॅटरी मेली की मोठी भरलेली असूनही गाडी उघडत नाही. भोसरीतली बावीस वर्षं तेवढी तरी उपयोगी पडली. तीन वर्षं झाली की ती आम्ही न विचारता बदलतो.

अठरापैकी सहा गाड्या गेल्या महिन्यात विकल्या. घेणारे आले, गाडी भरलेली होती, डेपोबाहेर एक चक्कर मारली, पिकअप बघून खूश झाले. प्रत्येकाला मी वहीतलं त्या गाडीचं पान दाखवलं आणि वीस टक्क्यांवरचा आकडा वाचून दाखवला. दोघांनी किंमत पाडून घेतली, एक जण उठून गेला, बाकीचे समजून घेऊन गाडी घेऊन गेले. सगळे विकणारे असं पान दाखवणार नाहीत, आणि पुष्कळांकडे ते नसणारच. म्हणून जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायला जाल तेव्हा भरलेल्या गाडीच्या पिकअपवर जाऊ नका. मालकाला सांगा, गाडी वापरून वीस टक्क्यांवर आणून ठेवा, मी उद्या येतो. मग चार माणसं बसवा, जवळच्या एखाद्या मोकळ्या चढावर न्या, मागेपुढे कुणी नाही हे बघा आणि तिथे पाय दाबा.